तीनशे घोडे आणि धुराचं मशीन

भोरला आमच्या दुकानावर पाटी आहे : 'सेल्फ, डायनमो रिपेअरिंग'. खरं म्हणजे आता बहुतेक गाड्यांत डायनमो नसतो, अल्टरनेटर असतो. पण मामांनी पाटी बदलली नाही आणि गिऱ्हाइकांनी शब्द बदलला नाही. मी दुकानात येऊ लागले तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. सुरुवातीला बरेच दिवस मला वाटत होतं, की ही दोन वेगळी यंत्रं आहेत आणि आपल्याला त्यातलं एकच दाखवतायत. विचारायची लाज वाटली, म्हणून विचारलं नाही.

मी उत्रोलीची. घरी भातशेती. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोहनमामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. पार्टवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचायला आणि पुण्याला फोन करून ती सांगायला त्यांना कुणीतरी हवं होतं, म्हणून दुपारी कॉलेज सुटल्यावर मी दुकानात बसू लागले. मग हातात पाना आला, मग सोल्डर आली. आता तिसरं वर्ष आहे. अनुभव लिही असं कॉलेजच्या या अंकासाठी सांगितलं तेव्हा वाटलं, अनुभव पिकलेला असावा लागतो, माझा अजून कच्चा आहे. तरी लिहिते. लिहून तरी काही उलगडतंय का बघू.

ज्यांना गाडीतलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. बॅटरी गाडी चालू करून देते. एकदा इंजिन फिरायला लागलं की ते पट्ट्यावर अल्टरनेटर फिरवतं, अल्टरनेटर वीज तयार करतो, ती दिव्यांना जाते आणि उरलेली बॅटरीत परत भरते. अल्टरनेटर गेला की गाडी लगेच थांबत नाही. बॅटरीत आहे तोवर चालते आणि मग नको तिथं बंद पडते. आमच्याकडे येणारी माणसं त्या 'नको तिथं'हून आलेली असतात, त्यामुळे सहसा चिडलेली असतात.

चिडलेली नसणारीही असतात. गुंजवण्याहून एक बाबा ट्रॅक्टरचा डायनमो भाताच्या पोत्यात घालून एसटीनं घेऊन आले होते. कंडक्टरनं पोतं खाली ठेवायला सांगितलं तर म्हणाले, "खाली हादरं बसत्यात त्याला." सबंध रस्ता त्यांनी तो मांडीवर आणला. मामांनी पोतं उघडलं.

"बाबा, ह्यो सेल हाय," मामा म्हणाले. सेल म्हणजे सेल्फ, गाडी सुरू करणारी मोटर. "डायनमो तितंच ऱ्हायला ट्रॅक्टरात."

"मंग आता?"

"आता आलायच तर ह्यो तपासून देतो. चांगला हाय असं सांगतो. तेवढंच समाधान."

बाबा हसले. चहा घेऊन, तेच पोतं मांडीवर घेऊन परत गेले.

मला सांगायचंय ते मात्र सागरच्या गाडीबद्दल.

सागर विंझरचा. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता. मग त्यानं पुण्यातल्या कुणाकडून तरी एक परदेशी बनावटीची, दोन दारांची, वरचं छत उघडणारी लाल गाडी घेतली. त्याच्या आधी तिचे दोन मालक झाले होते. ही गाडी तो लग्नात परण्याला द्यायचा. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात ती मिरवणूक. पूर्वी घोडा असायचा. आता घोडा आहेच, पण लाल उघडी गाडी असेल तर पोरं घोड्याकडे बघत नाहीत. भोर-वेल्ह्यात अशी दुसरी गाडी नव्हती. लग्नसराईत सागरला उसंत नसायची.

ती गाडी पहिल्यांदा दुकानापुढे उभी राहिली तेव्हा मामांनी बॉनेट उघडलं आणि हात कमरेवर ठेवून बराच वेळ बघत राहिले. आत इंजिनच दिसत नव्हतं. नुसती काळी प्लास्टिकची झाकणं.

"आश्वे, मोबाईलवर बघ गं, हिचा डायनमो कुठं असतोय."

मी बघितलं. बंपर आणि त्यामागचं बरंच काही उतरवल्याशिवाय तो निघणार नव्हता. जीपचा अल्टरनेटर मामा चहा उकळेपर्यंत काढतात. हा काढायला पूर्ण दुपार गेली. आतली डायोड प्लेट जळली होती. अल्टरनेटरमध्ये तयार झालेली वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारी ती प्लेट. मामांनी तशीच प्लेट शोधून आणली, बेअरिंग बदललं, सगळं परत बसवलं. गाडी उत्तम चालू झाली. सागरनं पैसे दिले, पेढे दिले.

महिन्याभरात तो परत आला. तीच प्लेट, तशीच जळलेली. आत वाइंडिंगचं वॉर्निशही करपलं होतं. वाइंडिंग म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं. त्याचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आपलंच काही चुकलं असेल म्हणून त्यांनी पूर्ण वाइंडिंग नवीन केलं, प्लेट पुन्हा नवीन घातली आणि मजुरी घेतली नाही. पण सागरचा धीर सुटला होता. त्यानं पुण्याला फोन लावून नव्या, कंपनीच्या अल्टरनेटरची किंमत काढली होती. पंच्याहत्तर हजार, बसवायचे वेगळे. म्हणजे त्या हंगामात त्याच्या हातात जे काही उरणार होतं ते सगळं.

"मामा, तुमच्यावर इश्वास न्हाई असं न्हाई," तो म्हणाला. "पन परण्यात गाडी बंद पडली तर लोक मला सोडनार न्हाईत. गेल्या येळेला नवऱ्याला उतरून चालत जावं लागलं. त्याचा चुलता मला म्हनला, ह्यापरीस बैल बरं."

मग सागर माझ्याकडे वळला.

"ताई, तू शिकलेली हायस. तू सांग. नवा टाकू का ह्योच ठिवू? तू म्हनशील तसं."

हे वाक्य मला गावात नेहमी ऐकावं लागतं. वीजबिल, दवाखान्याचे रिपोर्ट, बँकेचा मेसेज, काहीही माझ्यापुढे येतं. लोकांना वाटतं कॉलेज म्हणजे एकच मोठं पुस्तक आहे आणि त्यात सगळं आहे. मी फिजिक्स घेतलंय हे खरं. अल्टरनेटरचं प्रकरण आम्हाला आहे, आकृतीसकट. त्या आकृतीत एक चुंबक असतो आणि एक वेटोळं असतं. ते वेटोळं कधी जळत नाही आणि त्याची किंमत कुणी विचारत नाही.

मी म्हटलं, "मला दोन दिवस दे."

त्या दोन दिवसांत मी जे जे वाचलं त्यानं गोंधळ वाढला. एक जण इंटरनेटवर सांगत होता की या गाडीचे अल्टरनेटर मुळातच नाजूक. दुसरा सांगत होता, गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंग कमीजास्त करतो, त्याचाच दोष. तिसरा म्हणत होता, बॅटरी बदला. मी कॉलेजातल्या सरांना विचारलं. सर म्हणाले, "लोड किती आहे त्यावर अवलंबून." मी सागरला विचारलं, "गाडीला जादा काय जोडतोस?"

"काय न्हाई गं. चार लायटी हायत."

चार लाइटांनी असं होत नाही. मामांनाही ते पटत होतं. म्हणजे मग प्लेटच खराब, किंवा मामांचा हात, किंवा गाडी. यातलं काय, ते उभ्या गाडीवर कळेना. दुकानापुढे मीटर लावला की तो चौदाच्या वर दाखवायचा. चौदा व्होल्ट म्हणजे अल्टरनेटर नीट काम करतोय. दुकानापुढे ती गाडी कधीच आजारी नसायची.

शेवटी मी मामांना म्हटलं, "परण्यात बसून मापायला पाहिजे."

मामा म्हणाले, "मी बसलो तर नवऱ्यापरीस म्हातारा कोन बसलाय म्हनतील. तू जा."

अशी मी आईचा लग्नात नेसायचा शालू पदर खोचून नेसले आणि मांडीवर मीटर घेऊन वेल्ह्याजवळच्या एका गावात अनोळखी माणसाच्या परण्यात बसले. संध्याकाळचं लग्न होतं. छत उघडलेलं, मागच्या सीटच्या पाठीवर उंच नवरदेव, त्याच्या शेजारी हातात कऱ्हा घेतलेली त्याची बहीण, पुढे सागर आणि मी. मीटरच्या दोन वायरी मी डॅशबोर्डखालून काढून पदराआड धरल्या होत्या. गाडीपुढे डीजेचा टेम्पो, त्याच्यापुढे पोरं, मग बायका.

गाडी हलत नव्हती म्हटलं तरी चालेल. एका घरापुढे थांबायची, तिथली मंडळी नाचायची, नवऱ्याला ओवाळायची, मग दहा पावलं पुढे, पुढचं घर. चालत्या माणसालाही कंटाळा येईल असा वेग. एका घरापुढे एक आजी माझ्या बाजूला आली. तिनं माझ्याही कपाळाला कुंकू लावलं आणि मला नीट न्याहाळलं.

"तू नवऱ्याची कोन गं?"

"मी गाडीबरोबर आलेय."

"गाडीबरूबर? डायवरची बायकू व्हय?"

"न्हाई आजी. मी डायनमोवाल्यांची भाची."

"मंग हितं काय करती?"

"मापतेय."

"काय मापती?"

"करंट."

आजीनं सागरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं बरं," ती म्हणाली. "जेवल्याबिगर जाऊ नको. लगीन झालंय का तुजं?"

मी उत्तर देणार तेवढ्यात गाडी दहा पावलं पुढे गेली. सागर तोंड फिरवून हसत होता.

तोवर मीटर साडेतेरा दाखवत होता. माझ्या मनात आलं, म्हणजे सगळं ठीक आहे, मग मी इथं कशाला आले. आणि मग अंधार पडायला लागला, मागून कुणीतरी ओरडलं, "सागरभौ, होऊंद्या." सागरनं स्टिअरिंगखालचं एक बटन दाबलं. गाडीच्या नाकावर नवरदेवाचं नाव हात हात मोठ्या अक्षरांत पेटलं. चाकांवर निळे दिवे फिरायला लागले. डिकीतून फस्स असा आवाज झाला आणि गाडीभोवती पांढरा धूर पसरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

मीटर बारावर आला. मग बाराच्या खाली, म्हणजे बॅटरी भरायची सोडून रिकामी होत होती.

मी सागरच्या कानाशी ओरडून विचारलं, "हे कशावर चालतंय?"

"गाडीवर," तो ओरडला. "डिकीत इन्व्हर्टर हाय. बॅटरीवरनं वायर वडलीय."

"तू तर चार लायटी म्हणालास."

"लायटी चारच हायत. बाकी धुराचं मशीन हाय आन नावाची पाटी हाय." त्यानं माझ्याकडे असं बघितलं की यात न कळण्यासारखं काय आहे. "ताई, तीनशे घोड्यांची गाडी हाय ही. धुराचं मशीन किती जड हाय तिला?"

आणि मला एकदम जाणवलं की इतके दिवस मीही तसंच समजत होते. मामाही. एवढं दांडगं इंजिन, म्हणजे वीजही दांडगीच असणार. मी फिजिक्सची विद्यार्थिनी असून ते तीनशे घोडे रस्त्यावर पळायला आहेत आणि वीज बनवणारं यंत्र वेगळं, छोटंसं, एका पट्ट्यावर फिरणारं आहे, हे दोन विचार मी कधी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. इंजिन जेवढं हळू, तेवढा अल्टरनेटर हळू. त्याला थंड करणारा पंखाही त्याच्याच अंगावर, तोही हळू. ही गाडी जोरात पळण्यासाठी बनवलेली. पळताना वाराही लागतो आणि पंखाही फिरतो. आम्ही तिला पायी चालवत होतो आणि वर तिच्याकडून मांडवाचे दिवे लावून घेत होतो.

"जरा अॅक्सिलरेटर दे," मी म्हटलं. इंजिन वाढलं तसा मीटरही वाढला. त्यानं पाय काढला, मीटर परत खाली. तीन वेळा केलं, तीन वेळा तसंच.

मग तो वास आला. फार नाही, थोडा. करपल्यासारखा.

"वायर काढ," मी म्हटलं.

"आत्ता?"

"आत्ता काढ. नाहीतर परत जळेल."

सागर माझ्याकडे बघत राहिला. मला स्वतःचीच खात्री नव्हती. वास धुराच्या मशीनचा असू शकत होता, फटाक्यांचा असू शकत होता. तरी मी परत म्हटलं, "काढ." तो उतरला आणि डिकीतली वायर ओढली. नाव विझलं. चाकं विझली. धूर हळूहळू भातखाचरांकडे निघून गेला.

नवरदेवाचा भाऊ पुढून आला. "काय झालं?"

"ह्यांनी सांगितलं काढ म्हनून," सागरनं माझ्याकडे बोट केलं.

तो माझ्या मांडीवरच्या मीटरकडे बघून म्हणाला, "मॅडम, प्रॅक्टिकल हाय का आज तुमची? आमच्याच परण्यात?"

मला रडू येईलसं वाटलं. मी मान खाली घालून मीटर बघत बसले. तो परत साडेतेरावर आला होता. गाडी बंद न पडता देवळापर्यंत गेली. पण फोटोत नवऱ्याचं नाव नव्हतं, आणि सागरला त्या दिवशी ठरल्यापेक्षा कमी पैसे मिळाले. मी न जेवताच निघाले.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी दोघांना सगळं समजावून सांगितलं. कागदावर चित्र काढलं. मामांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे म्या बांधलेलं वाइंडिंग चांगलं हाय."

"चांगलं आहे."

"हां," एवढंच म्हणून ते पुढच्या कामाला लागले. पण त्या दिवशी त्यांनी भजी मागवली.

सागर भजी खात नव्हता. "म्हंजे नवा टाकून काय उपेग न्हाई."

"तोही जळेल. गाडीला जादा काही जोडलं नाहीस तर हाच चालेल."

"ताई, धूर आन नाव हाय म्हनून लोक माझी गाडी सांगत्यात. नुसती लाल गाडी आता साताऱ्याकडनं बी येती." त्यानं भज्यांचा कागद मामांकडे सरकवला. "धूर काढला तर मला बोलवायचं कुनी? आन न्हाई काढला तर जळनार. का मंग परण्या पळवत नेऊ?"

मामा हसले. मी हसले नाही. जनरेटर वेगळा घे असं सुचवलं, तर तो म्हणाला जनरेटरला टेम्पो लागतो, गाडीचा हप्ता आणि टेम्पोचा हप्ता दोन्ही कोण भरणार. तेही खरंच होतं. त्यानं मला एक प्रश्न विचारला होता, नवा टाकू की नको. मी त्याला उत्तर दिलं होतं आणि उत्तर बरोबर होतं. तरी त्यात त्याचा धंदा कुठं बसत नव्हता. हे असं का होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पुढचे काही परणे त्यानं धुराशिवाय केले. गाडी एकदाही बंद पडली नाही. सुपाऱ्या मात्र कमी होत गेल्या. पावसाळ्याआधी त्यानं गाडी विकायला काढली.

पुण्याहून गिऱ्हाईक आलं ते आमच्या दुकानाशीच, कारण इथं काम झालंय असं सागरनं आधीच सांगितलं होतं. मध्यम वयाचे गृहस्थ, सोबत त्यांचा मेकॅनिक. मेकॅनिकनं गाडीला एक यंत्र जोडलं आणि पडद्यावर बघत एकेक गोष्ट वाचली. चार्जिंगपाशी थांबला, परत बघितलं आणि म्हणाला, "ओके आहे." मामा तिकडे पाठ करून एका जीपचा सेल्फ उघडत होते. त्यांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तेवढ्यापुरता थांबला आणि परत चालू झाला.

ते गृहस्थ सागरला म्हणाले, "एक चक्कर तुम्हीच मारा. मालकाला गाडीची सवय असते. मी शेजारी बसतो."

सागर किल्ली घेऊन बसला. ते दोघं वेल्ह्याच्या रस्त्यानं गेले आणि आमच्या अंदाजापेक्षा फार लवकर परत आले. सागर उतरला तेव्हा त्याचे केस विस्कटलेले होते. व्यवहार झाला, सह्या झाल्या. त्या पैशांतून उरलेले हप्ते फिटून एक जुना टेम्पो आणि जनरेटर होणार होता. आता परण्यात गाडी कुणाचीही असो, वीज सागरची, असं त्यानं ठरवलं होतं.

गृहस्थांनी गाडी वळवली. सागर रस्त्याच्या कडेला माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ताई, बरुबर केलं न्हवं आपन?"

मी हो म्हटलं. ते मी माहीत होतं म्हणून म्हटलं, की तो विचारत होता म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. गाडी पुलापलीकडे गेली आणि मोकळा रस्ता लागल्यावर तिनं असा आवाज काढला, की शेजारच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

सागरनं हातानं मला गप्प राहायला सांगितलं आणि तो आवाज पार नाहीसा होईपर्यंत तसाच उभा राहिला.

"दोन वर्सं माझ्यापशी हुती," तो म्हणाला. "पुढं डीजे असायचा. हिचा आवाज म्या आज ऐकला."